जेम्स स्टुअर्ट : वीस मोहिमा आणि एक दीर्घ मौन

२७ फेब्रुवारी १९४१ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या समारंभात जेम्स स्टुअर्ट यांना ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ या चित्रपटातील भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यानंतर अवघ्या २३ दिवसांनी, २२ मार्च रोजी, ते अमेरिकी लष्करात साधे शिपाई म्हणून दाखल झाले. वेतन होते दरमहा २१ डॉलर. पर्ल हार्बरवरील जपानी हल्ल्याला अजून आठ महिन्यांहून अधिक अवधी होता आणि अमेरिका अधिकृतपणे युद्धात उतरलेलीही नव्हती. ऑस्करची मूर्ती पेनसिल्व्हेनिया राज्यातील इंडियाना या लहानशा गावी रवाना झाली. तेथे वडिलांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात, दर्शनी काचेआड, ती पुढे कित्येक वर्षे ग्राहकांच्या नजरेस पडत राहिली.

युद्धकाळात हॉलिवूडमधील अनेक नामवंतांनी गणवेश धारण केला. त्यांपैकी बहुतेकांचे काम प्रचारपट, सैनिकांचे मनोरंजन आणि युद्धकर्जाच्या रोख्यांची विक्री यांपुरते सीमित राहिले आणि तसे राहावे अशीच सरकारची इच्छा होती. एखादा लोकप्रिय नट शत्रूच्या हाती लागणे कोणालाच परवडणारे नव्हते. स्टुअर्ट यांची गोष्ट निराळी आहे. युरोपच्या आकाशात त्यांनी बॉम्बर विमानांच्या तुकड्यांचे प्रत्यक्ष नेतृत्व केले, २० अधिकृत मोहिमा पार पाडल्या आणि कर्नल होऊन ते परतले. त्यानंतर आयुष्याची पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी या अनुभवाविषयी जवळजवळ काहीही सांगितले नाही. ज्यांचा अडखळता, लांबवलेला स्वर अर्ध्या जगाला पाठ होता, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा अध्याय असा निःशब्द राहिला.

२० मे १९०८ रोजी जन्मलेल्या जेम्स मेटलँड स्टुअर्ट यांच्या घराण्यात सैनिकी सेवेची परंपरा होती. वडील अलेक्झांडर १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात आणि पुढे पहिल्या महायुद्धात सहभागी झालेले. आई एलिझाबेथ उत्तम पियानोवादक. मुलाला लहानपणापासून विमानांचे विलक्षण वेड होते. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९३२ मध्ये त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली खरी. परंतु महामंदीच्या त्या वर्षांत इमारती कोण बांधणार होते? विद्यापीठातील नाट्यमंडळाने लावलेली गोडी त्यांना प्रथम मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील एका हौशी नाटक कंपनीत, नंतर न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आणि १९३५ मध्ये मेट्रो गोल्डविन मेयर या चित्रसंस्थेत घेऊन गेली. हेन्री फोंडा हे त्यांचे याच काळातील सहनिवासी आणि पुढे आयुष्यभराचे मित्र. फ्रँक कॅप्रा यांच्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ या १९३९ च्या चित्रपटाने त्यांना सरळमार्गी, साध्या अमेरिकी माणसाचा चेहरा मिळवून दिला. चित्रपटांतून पैसा येऊ लागताच त्यांनी तो उड्डाणावर खर्च करण्यास प्रारंभ केला होता. १९३५ मध्ये खासगी आणि १९३८ मध्ये व्यावसायिक वैमानिकाचा परवाना त्यांनी मिळवला.

लष्कराने मात्र त्यांना पहिल्या फेरीत परत पाठवले. सहा फूट तीन इंच उंचीच्या मानाने त्यांचे वजन नियमापेक्षा काही पौंडांनी कमी भरले. सुटकेचा निःश्वास सोडून चित्रीकरणास परतण्याची ही उत्तम संधी होती. स्टुअर्ट यांनी त्याऐवजी खाणे वाढवले, व्यायाम केला आणि ते पुन्हा वजनकाट्यावर उभे राहिले. जानेवारी १९४२ मध्ये त्यांना हवाई दलात अधिकारपद मिळाले. तोवर देश युद्धात ओढला गेला होता.

पुढील दीड वर्षात प्रसिद्धी हीच त्यांच्या मार्गातील मोठी धोंड ठरली. वरिष्ठांनी त्यांना भरतीच्या प्रचारपटात उभे केले, आकाशवाणीवर बोलायला लावले. न्यू मेक्सिकोतील तळावर ते बॉम्बफेकीचे शिक्षण घेणाऱ्या उमेदवारांची विमाने चालवत. नंतर आयडाहो राज्यात बॉईसी येथे चार इंजिनांच्या बी-१७ विमानांचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली मुले समुद्रापार जात होती आणि त्यांतील कित्येकांच्या मृत्यूच्या वार्ता परत येत होत्या. वय पस्तिशीला टेकलेले, नाव जगभर झालेले. अशा माणसाला लढाईवर पाठवण्यास कोणीही सहजासहजी तयार नव्हते. अखेर बॉईसी येथील त्यांच्या प्रमुखाने मध्यस्थी केली आणि ऑगस्ट १९४३ मध्ये आयोवा राज्यातील सू सिटी येथे उभारणी सुरू असलेल्या ४४५ व्या बॉम्बर गटात त्यांची रवानगी झाली. थोड्याच दिवसांत त्या गटाच्या ७०३ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

समुद्रापार जाण्यापूर्वी वडील त्यांना भेटण्यास आले. दोघेही अबोल स्वभावाचे. निरोपाच्या वेळी वडिलांना शब्द सुचले नाहीत. त्यांनी मुलाच्या खिशात एक पत्र सरकवले. त्यासोबत बायबलमधील ९१ वे स्तोत्र होते, संकटकाळी ईश्वरी संरक्षणाचे आश्वासन देणारे. हे पत्र स्टुअर्ट यांनी युद्धभर जवळ बाळगले.

फ्लोरिडा, ब्राझील, सेनेगल आणि माराकेश असा दक्षिणेकडचा लांबचा वळसा घेत ही विमाने नोव्हेंबर १९४३ मध्ये इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यात टिबेनहॅम येथे उतरली. शेतांच्या मधोमध घाईने बांधलेली धावपट्टी, अर्धगोलाकार पत्र्याच्या झोपड्या, पाऊस आणि चिखल. अमेरिकेच्या आठव्या हवाई दलासाठी तो काळ अत्यंत बिकट होता. ब्रिटिश विमाने रात्री जर्मन शहरांवर बॉम्ब टाकत. अमेरिकी सेनापतींनी दिवसाउजेडी, नेमक्या कारखान्यांवर मारा करण्याचे धोरण स्वीकारले होते. आपली विमाने परस्परांलगत राहून शेकडो मशीनगनच्या बळावर स्वतःचे रक्षण करतील, हा त्यांचा भरवसा होता. १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवरील एका मोहिमेत ६० विमाने गमावल्यानंतर तो भरवसा पार ढासळला. सोबतीला लांब पल्ल्याची लढाऊ विमाने नसतील तर हे बॉम्बर जर्मनीच्या अंतर्भागात केवळ लक्ष्य म्हणून शिल्लक राहत, हे उघड झाले होते. स्टुअर्ट यांचा गट इंग्लंडमध्ये पोहोचला तो या धक्क्यानंतर काही आठवड्यांनी.

त्यांचे विमान होते बी-२४ लिबरेटर. बी-१७ च्या तुलनेत त्याचा वेग अधिक, पल्ला अधिक आणि बॉम्ब वाहण्याची क्षमताही अधिक. परंतु अधिक उंचीवर ते सांभाळणे कष्टाचे. भरलेले विमान दाट रचनेत स्थिर ठेवताना वैमानिकाचे दंड भरून येत. प्रत्येक विमानात साधारण दहा जण असत : दोन वैमानिक, मार्ग दाखवणारा नेव्हिगेटर, नेम धरून बॉम्ब सोडणारा बॉम्बार्डियर, इंजिनांवर लक्ष ठेवणारा अभियंता, बिनतारी संदेश पाहणारा आणि उरलेले मशीनगनधारी. विमानात हवेचा दाब कायम राखण्याची सोय नव्हती. वीस हजार फुटांहून अधिक उंचीवर तापमान उणे ४० अंशांपर्यंत उतरे, उघड्या खिडक्यांशी उभ्या असलेल्या मशीनगनधाऱ्यांची बोटे हिमदंशाने निकामी होत आणि प्राणवायूची नळी गोठली तर शेजारच्याच्या लक्षात येण्यापूर्वी माणूस बेशुद्ध होई. मोहीम सहा-सात तासांची, कधी त्याहून अधिक. या दहा जणांतील बहुतेकांचे वय एकोणीस ते पंचवीस. पस्तीस वर्षांचे स्टुअर्ट त्यांच्यात म्हातारेच म्हणायचे.

नेमून दिलेल्या २५ मोहिमा पूर्ण केल्या की घरी जाता येई. पुढे हा आकडा ३० आणि नंतर ३५ झाला. १९४३ च्या अखेरीस पंचविसावी मोहीम पाहणे बहुतेक चमूंच्या नशिबी नव्हते आणि ही गोष्ट त्या झोपड्यांतील प्रत्येकाला ठाऊक होती.

१३ डिसेंबर १९४३ रोजी गटाची पहिली मोहीम कील बंदरावर झाली आणि स्टुअर्ट आपल्या स्क्वॉड्रनसह तीत सामील होते. स्क्वॉड्रनप्रमुखाने प्रत्येक मोहिमेवर जाण्याची अपेक्षा नसे. तो आळीपाळीने जाई. मात्र जाई तेव्हा बहुधा अग्रभागी, सहवैमानिकाच्या आसनावरून संपूर्ण रचनेची सूत्रे हाती घेऊन. जर्मन वैमानिक अग्रभागाच्या विमानावर सर्वांत आधी झडप घालत, कारण ते पडले की मागच्यांची दिशा चुके.

७ जानेवारी १९४४ चा प्रसंग त्यांच्या नेतृत्वाची जात सांगणारा आहे. लुडविग्सहाफेनवरील मारा आटोपून परतताना पुढे चाललेला दुसरा एक गट मार्ग सोडून भलत्याच दिशेने वळत असल्याचे स्टुअर्ट यांच्या लक्षात आले. त्यांनी बिनतारी यंत्रणेवरून इशारा दिला. पुढच्या प्रमुखाने तो मानला नाही. आता दोन पर्याय होते. आपली विमाने योग्य मार्गाने सुखरूप नेणे, किंवा चुकलेल्या गटाला एकटे न सोडता जाणूनबुजून त्याच्या मागे जाणे. स्टुअर्ट यांनी दुसरा मार्ग पत्करला. फ्रान्सच्या आकाशात अपेक्षेप्रमाणे जर्मन लढाऊ विमाने तुटून पडली. चुकलेल्या गटाचे नेतृत्व करणारे विमानच कोसळले; परंतु मागे लिबरेटरांची दुसरी फळी असल्याने त्या गटाचा सर्वनाश टळला. त्या गटाच्या वरिष्ठांनी नंतर लेखी आभार मानले. हा निर्णय शहाणपणाचा होता की नाही, यावर वाद घालता येईल. आपल्या हाताखालील माणसांचे प्राण परक्याच्या चुकीसाठी पणाला लावण्याचा अधिकार कोणाला असतो? स्टुअर्ट यांच्याकडे या प्रश्नासाठी काही मिनिटे होती. त्यांनी निवड केली, ती निभावली आणि आपल्या स्क्वॉड्रनला घेऊन ते परतले. त्याच महिन्यात त्यांना मेजरपदी बढती मिळाली.

फेब्रुवारीत ‘बिग वीक’ या नावाने ओळखला जाणारा आठवडा उजाडला. २० ते २५ फेब्रुवारी १९४४ या काळात जर्मन विमान कारखान्यांवर सलग आघात करण्याचे ठरले. हेतू दुहेरी होता : कारखाने उद्ध्वस्त करणे आणि त्यांच्या रक्षणासाठी जर्मन लढाऊ विमानांना आकाशात येण्यास भाग पाडणे. मस्टँग ही लांब पल्ल्याची लढाऊ विमाने आता सोबतीस आली होती आणि ती जर्मन वैमानिकांचा आकाशातच समाचार घेणार होती. थोडक्यात, बॉम्बर विमानांचे चमू एकाच वेळी शस्त्रही होते आणि आमिषही. पहिल्याच दिवशी, २० फेब्रुवारीला, ब्रन्सविकवरील मोहिमेत स्टुअर्ट यांनी केवळ आपल्या गटाचे नव्हे तर संपूर्ण दुसऱ्या कॉम्बॅट विंगचे नेतृत्व केले. लढाऊ विमानांचे हल्ले आणि तोफांचा मारा यांतून रचना अभंग राखल्याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक प्रदान करण्यात आले.

चार दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, गटाची विमाने गोथावर गेली. त्या दिवशी स्टुअर्ट यांची पाळी नव्हती. २५ पैकी १३ विमाने परतलीच नाहीत. एका दुपारी निम्मा गट नाहीसा झाला. सकाळी न्याहारीला सोबत बसलेली शंभराहून अधिक माणसे संध्याकाळी खाणावळीत नव्हती. त्यांतील काही पॅराशूटने उतरून कैदेत गेले होते, काही मृत झाले होते आणि कोण कोणत्या गटात हे कळण्यास आठवडे लागणार होते. हरवलेल्यांच्या कुटुंबीयांना पत्रे लिहिणे हा स्क्वॉड्रनप्रमुखाच्या कामाचाच भाग. गोथाच्या कामगिरीसाठी गटाला राष्ट्राध्यक्षांच्या नावे दिला जाणारा गौरव मिळाला.

दुसऱ्याच दिवशी शिल्लक विमाने न्यूरेंबर्गजवळील फ्युर्थच्या कारखान्यावर निघाली आणि या वेळी स्टुअर्ट त्यांच्यात होते. त्यांच्या विमानाखाली तोफगोळा फुटला, कॉकपिटच्या तळाला त्यांच्या पायांजवळच मोठे भगदाड पडले. त्या भगदाडातून कित्येक हजार फूट खाली पसरलेली जर्मनीची भूमी दिसत होती. बोचऱ्या थंडीचा झोत अंगावर घेत हे विमान टिबेनहॅमपर्यंत आले आणि उतरताना त्याच्या सांगाड्याला तडे गेले, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. चमू चालत बाहेर पडला. मार्चमध्ये ते बर्लिनवरही जाऊन आले.

मार्च १९४४ च्या अखेरीस स्टुअर्ट यांची बदली शेजारच्या ओल्ड बकनहॅम तळावरील ४५३ व्या गटात मोहीम अधिकारी म्हणून झाली. मोठ्या हानीने आणि प्रमुख गमावल्याने त्या गटाचे मनोबल खचले होते. पहाटेच्या अंधारात नकाशावरील पडदा बाजूला सारून त्या दिवशीचे लक्ष्य सांगणे, जाण्या-येण्याचे मार्ग आखणे, तोफा कोठे दाट आहेत याची कल्पना देणे, ही त्यांची जबाबदारी. पुढे हॉलिवूडमध्ये नाव कमावलेले वॉल्टर मॅथ्यू त्या वेळी त्याच तळावर होते. स्टुअर्ट यांची ती विशिष्ट शैली ऐकण्यासाठी आपण या सभांना जाऊन बसत असू, असे ते नंतर सांगत. स्वतःला मोहिमांतून वगळण्याची मुभा या पदाने दिली होती. स्टुअर्ट यांनी तिचा पुरता लाभ घेतला नाही. अवघड मोहिमांवर ते अधूनमधून जातच राहिले. जूनमध्ये लेफ्टनंट कर्नल, नंतर दुसऱ्या कॉम्बॅट विंगचे स्टाफप्रमुख आणि २९ मार्च १९४५ रोजी कर्नल असा त्यांचा क्रम चढत गेला. चार वर्षांत शिपायापासून कर्नलपर्यंत मजल मारणारे अमेरिकी सैनिक फार थोडे.

ज्या ४४५ व्या गटाला त्यांनी इंग्लंडमध्ये आणले होते, त्याच्या वाट्याला मात्र सप्टेंबर १९४४ मध्ये याहून भीषण दिवस आला. कासेलच्या मोहिमेवर गेलेल्या ३५ विमानांचा मार्ग चुकला, मुख्य रचनेपासून ती दूर गेली आणि जर्मन लढाऊ विमानांनी काही मिनिटांत त्यांतील २५ पाडली. एकाच मोहिमेत एखाद्या अमेरिकी गटाची एवढी हानी क्वचितच झाली असेल. स्टुअर्ट तेव्हा त्या गटात नव्हते, पण त्या विमानांतील नावे त्यांना अनोळखी नव्हती.

चुकलेला मार्ग आणि त्याची किंमत, हा धागा त्यांच्या युद्धकाळात पुन्हा पुन्हा दिसतो. त्याचे सर्वांत अवघड टोक आकाशात नव्हे, लष्करी न्यायालयात समोर आले. ४ मार्च १९४५ रोजी ढगाळ हवामानात सहा लिबरेटर विमानांनी जर्मनीतील आशाफेनबुर्गऐवजी तटस्थ स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरावर बॉम्ब टाकले. पाच नागरिक मृत्युमुखी पडले. अग्रभागीच्या विमानाचा वैमानिक आणि नेव्हिगेटर यांच्यावर खटला भरण्यात आला. १ जून १९४५ रोजी चाललेल्या या लष्करी न्यायालयाचे अध्यक्षपद कर्नल स्टुअर्ट यांच्याकडे होते. हवामान, बिघडलेली उपकरणे आणि दिशाभूल यांची छाननी होऊन दोघांना निर्दोष ठरवण्यात आले. ज्याने स्वतः ढगांवरून बॉम्बफेकीचे आदेश दिले होते, त्यालाच इतरांच्या चुकीचा निवाडा करायचा होता. झुरिकमधील पाच जणांची नोंद झाली, चौकशी झाली, याचे कारण ते तटस्थ देशाचे नागरिक होते. जर्मन शहरांत कारखान्याचा नेम चुकून वस्तीवर पडलेल्या बॉम्बने किती माणसे गेली, याचा हिशेब मांडण्यासाठी कोणतेही न्यायालय बसले नव्हते. दिवसाउजेडी अचूक मारा हे धोरण कागदावर होते; ढगांच्या थरावरून रडारच्या साहाय्याने सोडलेले बॉम्ब मैलोगणती दूर पडत. हे वास्तव मोहीम अधिकाऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

आठव्या हवाई दलाचे २६ हजारांहून अधिक सैनिक या युद्धात प्राणास मुकले. स्टुअर्ट ऑगस्ट १९४५ च्या अखेरीस ‘क्वीन एलिझाबेथ’ या जहाजाने हजारो सैनिकांसमवेत न्यूयॉर्कला पोहोचले. छातीवर दोन डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस, एअर मेडल आणि फ्रान्सचे क्वा द गेर. ‘लाइफ’ नियतकालिकाने त्यांच्या गावी जाऊन काढलेल्या छायाचित्रांत केस पिकू लागलेला, गालफडे बसलेला माणूस दिसतो. चार वर्षांपूर्वीचा पोरसवदा नायक त्यात शोधूनही सापडत नाही. गावाने मोठ्या सत्काराचा घाट घातला होता. त्यांनी तो नाकारला. चित्रपटांच्या करारांत त्यांनी एक अट घालून घेतली : आपल्या युद्धसेवेचा जाहिरातीसाठी उपयोग करायचा नाही. त्या काळच्या चित्रव्यवसायाने असे भांडवल सोडून देणे ही सोपी गोष्ट नव्हती.

पुनरागमनासाठी त्यांच्याकडे एकच ठोस प्रस्ताव आला, तोही जुन्या कॅप्रांकडून. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा तो चित्रपट. त्यातील जॉर्ज बेली हा छोट्या गावातील सज्जन गृहस्थ. एका कानाने बहिरा असल्यामुळे त्याला युद्धावर जाता येत नाही, तर त्याचा धाकटा भाऊ लढाऊ वैमानिक होऊन सर्वोच्च पदक मिळवतो. युद्धावरून आलेल्या वैमानिकाने युद्धावर न गेलेल्या माणसाची भूमिका करावी, हा योग विलक्षण खरा. १९४६ च्या उन्हाळ्यात चित्रीकरण सुरू असताना एका दृश्यात, दारूच्या गुत्त्यात बसून निराश जॉर्ज देवाची करुणा भाकतो. स्टुअर्ट यांना तेथे खरेखुरे रडू कोसळले. तसे ठरलेले नव्हते. कॅमेरा दूर होता आणि तो क्षण पुन्हा घडवणे शक्य नव्हते. म्हणून कॅप्रांनी नंतर प्रयोगशाळेत ती चौकट टप्प्याटप्प्याने मोठी करून चेहरा जवळ आणला. आज तो भाग पाहताना चित्राचा किंचित भरडपणा जाणवतो. त्या अश्रूंत गोथा आणि फ्युर्थ शोधण्याचा मोह अनेक समीक्षकांना झाला आहे. स्टुअर्ट यांनी स्वतः तसा दावा कधी केला नाही, तेव्हा आपणही तो करू नये हे बरे. मात्र युद्धपूर्व स्टुअर्ट आणि हा स्टुअर्ट यांत एक भेग आहे, ती साध्या प्रेक्षकालाही दिसते. पुढे अँथनी मान यांच्या वेस्टर्न चित्रपटांतील संतप्त, सूडाने पेटलेले नायक आणि हिचकॉक यांच्या ‘रिअर विंडो’ व ‘व्हर्टिगो’मधील अस्वस्थ माणसे याच भेगेतून बाहेर आली.

चित्रपट त्या वेळी तोट्यात गेला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिकही स्टुअर्ट यांच्या हातून निसटले. ते मिळाले ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मधील फ्रेडरिक मार्च यांना, म्हणजे युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्याच कथेला, त्यात एक पात्र बॉम्बार्डियरचे आहे. १९७० च्या दशकात स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणात ढिलाई झाल्याने कॅप्रांचा चित्रपट दूरचित्रवाणीला विनामूल्य उपलब्ध झाला आणि घराघरांत पोहोचला.

हवाई दलाशी त्यांचे नाते तुटले नाही. राखीव दलात ते नियमित सेवा बजावत राहिले. १९५७ मध्ये त्यांचे नाव ब्रिगेडियर जनरल पदासाठी पुढे आले तेव्हा सिनेटने ते फेटाळले. पुरेसे राखीव प्रशिक्षण झालेले नसताना नटाला जनरल करू नये, असा सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९५९ मध्ये ही बढती मंजूर झाली. अण्वस्त्रवाहू विमानांच्या दलाचा गौरव करणाऱ्या ‘स्ट्रॅटेजिक एअर कमांड’मध्ये त्यांनी १९५५ साली काम केले होते, बॉम्बफेकीच्या युद्धनीतीवरील त्यांचा विश्वास अढळ होता. २० फेब्रुवारी १९६६ रोजी, ब्रन्सविकच्या मोहिमेनंतर बरोबर बावीस वर्षांनी, ते निरीक्षक म्हणून बी-५२ विमानातून व्हिएतनामवरील बॉम्बफेकीच्या उड्डाणात सहभागी झाले आणि त्याचा कोणताही गाजावाजा होऊ दिला नाही. तीन वर्षांनी, ८ जून १९६९ रोजी, त्यांचा सावत्र मुलगा रोनाल्ड मरीन दलातील तरुण अधिकारी म्हणून त्याच व्हिएतनाममध्ये मारला गेला. युद्धाला असलेला पाठिंबा स्टुअर्ट यांनी मागे घेतला नाही. पुत्राला गमावलेल्या घरी परक्या पित्यांनी लिहिलेली पत्रे येतात, त्यांतील शब्द कसे निवडलेले असतात हे त्यांच्याइतके जाणणारा पिता विरळा.

१९६८ मध्ये ते हवाई दलातून निवृत्त झाले. योगायोग असा की, ज्या लिबरेटर विमानाने त्यांना युरोपवर नेले, त्याची लष्करी सेवाही त्याच वर्षी संपली आणि ती संपली भारतात. युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूर येथे मोडीत काढून टाकलेली लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या अभियंत्यांनी दुरुस्त करून बंगळूरला नेली होती. भारतीय हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगातील काही संग्रहालयांत आज दिसणारी लिबरेटर विमाने भारतातूनच तेथे गेली आहेत.

सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्ये ‘द वर्ल्ड अ‍ॅट वॉर’ ही दूरचित्रवाणी मालिका तयार झाली. बॉम्बफेकीवरील भागात एक वृद्ध अमेरिकी गृहस्थ मोहिमांविषयी मोजके बोलताना दिसतात. त्यांच्या नावाखाली ओळख दिली आहे ती स्क्वॉड्रनप्रमुख एवढीच. चित्रपटांचा उल्लेख नाही. टिबेनहॅमलाही ते पुन्हा जाऊन आले. तेथील धावपट्टीवर आता इंजिन नसलेली ग्लायडर विमाने उतरतात.

पत्नी ग्लोरिया यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, २ जुलै १९९७ रोजी, बेव्हर्ली हिल्स येथील निवासस्थानी वयाच्या ८९ व्या वर्षी स्टुअर्ट यांचे निधन झाले. कॅलिफोर्नियात ग्लेनडेल येथील दफनभूमीत त्यांची समाधी आहे. शिळेवर ना चित्रपटाचे नाव, ना पारितोषिकाचे. त्यावर एक ओळ कोरलेली आहे, ९१ व्या स्तोत्रातली. सू सिटीत वडिलांनी खिशात सरकवलेल्या कागदावर तीच होती.